पेरूची सहल : पाहुणा कोणाचा, वही कोणाची?



मागच्या बैठकीत आम्ही म्हणालो, "पुढच्या भाषणात आपण पेरूला जाऊया," तेव्हा सगळ्याजणी हसल्या. एक आजी म्हणाल्या, "पेरूला कशाला जायचं बाई, माझ्या परसात लागलेत की!" आजींचंही बरोबर आहे. पण आम्ही म्हणतो तो पेरू देश आहे. तो दक्षिण अमेरिकेत, पॅसिफिक महासागराच्या काठावर आहे. त्याचा आपल्या फळाशी संबंध नाही. आपल्या फळाचं नाव पोर्तुगीज भाषेतून आलं, असं जाणकार सांगतात.

आधी हा विषय का घेतला ते सांगतो. आमच्या भागात एक गड आहे. पावसाळ्यात शनिवार-रविवारी शहरातली माणसं येतात. गटातल्या बायका पिठलं-भाकरी, ठेचा, चहा देतात, आणि दोन घरांनी मुक्कामाचीही सोय केली आहे. यंदा शहरातून एक गृहस्थ आले. म्हणाले, "पाहुणे मी आणतो, पैसे मी घेतो, तुम्ही फक्त स्वयंपाक करा. ताटामागे ठरलेली रक्कम देईन." निम्म्या बायका म्हणाल्या, घेऊन टाका, कटकट नको. निम्म्या म्हणाल्या, थांबा. आमच्याकडेही चटकन उत्तर नव्हतं. म्हणून जगात इतर ठिकाणी गावातल्या लोकांनी पाहुण्यांचं कसं केलं, ते आम्ही शोधायला लागलो. शोधता शोधता पेरूतल्या एका बेटापर्यंत पोचलो.

आमच्यापैकी कोणी तिथे गेलेलं नाही, हे आधीच सांगतो. आम्ही वाचलं, माहितीपट पाहिले, नकाशा पसरून बसलो. आज तीच सहल तुम्हाला घडवतो. पिशवी भरा.

जायचं कसं, कधी?

पेरू आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे आहे. आपल्याकडे सकाळी सहाला सडा घालतो, तेव्हा तिथे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. वाटेत एक-दोन ठिकाणी विमान बदलावं लागतं. पासपोर्ट लागतो, आणि व्हिसाचे नियम बदलत राहतात, म्हणून जाणाऱ्याने आधी त्यांच्या वकिलातीत चौकशी करावी. तिथलं चलन सोल. भाषा स्पॅनिश. दुकानात शिरताना सकाळी "ब्वेनोस दिआस" आणि निघताना "ग्रासिआस", म्हणजे धन्यवाद, एवढं आलं तरी समोरचा माणूस हसून बोलतो.

डोंगराळ भागात मे ते सप्टेंबर कोरडे दिवस असतात आणि नोव्हेंबर ते मार्च पाऊस पडतो. म्हणजे आपण लावणीत असतो तेव्हा तिकडे आभाळ निरभ्र. पर्यटक बहुतेक त्याच दिवसांत येतात. दिवसा ऊन लागतं आणि रात्री हाडं गोठवणारी थंडी पडते, म्हणून गरम कपडे हवेतच.

विमान उतरतं ते राजधानी लिमाला. हे समुद्रकाठचं मोठं शहर आहे, पण तिथे पाऊस जवळजवळ पडतच नाही. थंडीच्या महिन्यांत नुसतं धुकं दाटून राहतं. १५३५ मध्ये फ्रान्सिस्को पिझारो या स्पॅनिश सरदाराने हे शहर वसवलं. चौक, मोठं चर्च, कोरीव लाकडी सज्जे हे सगळं स्पॅनिश राजवटीच्या काळातलं. त्याच्या आधीचा इतिहास बघायला आपण डोंगर चढूया.

कुस्को : भिंतीवर भिंत

कुस्को हे शहर सुमारे ३४०० मीटर उंचीवर आहे. आपलं कळसूबाई शिखर १६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईच्या दुप्पट उंचीवर बाजार, शाळा, बस स्टँड, सगळं नांदतं. एवढ्या उंचीवर हवा विरळ असते. नवख्या माणसाचं डोकं दुखतं, धाप लागते, मळमळतं. म्हणून पहिले एक-दोन दिवस हळू चालायचं, हलकं जेवायचं, पाणी पीत राहायचं. तिथले लोक कोकाच्या पानांचा चहा देतात. ती पानं मात्र तिथून घरी आणायची नाहीत, बऱ्याच देशांत त्यांवर बंदी आहे. दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर निघण्याआधीच डॉक्टरांना विचारावं.

कुस्को ही इंका राजांची राजधानी. त्यांचं राज्य आजच्या सहा देशांत पसरलेलं होतं आणि त्यांनी बांधलेल्या रस्त्यांचं जाळं सुमारे ३०,००० किलोमीटरचं होतं. त्यांना आपल्यासारखी लिपी नव्हती. हिशेब ठेवायचे ते दोऱ्यांच्या गाठींत. एका जाड दोरीला बारीक दोऱ्या बांधलेल्या, आणि गाठ कुठे मारली, कशी मारली, यावरून एकक, दशक, शतक कळायचं. याला किपू म्हणतात. गटाची वही लिहायला घाबरणाऱ्या बायांना आम्ही आता हे सांगतो, की एका मोठ्या राज्याचा हिशेब नुसत्या दोरीवर चालला होता. हिशेब चोख हवा, मग तो कशावरही ठेवा.

१५३२ मध्ये पिझारोने मूठभर सैन्यानिशी इंका राजा आताहुआल्पाला दगाबाजीने पकडलं. सुटकेसाठी राजाच्या माणसांनी खोली भरून सोनं आणून दिलं. सोनं घेतलं आणि १५३३ मध्ये राजाला मारलं. त्यानंतर जवळपास तीनशे वर्षं स्पेनचं राज्य चाललं. पेरूने स्वातंत्र्य जाहीर केलं ते २८ जुलै १८२१ला.

या इतिहासाची खूण कुस्कोत उघड दिसते. इंकांचं कोरिकांचा नावाचं सूर्यमंदिर होतं. स्पॅनिशांनी त्यावरचं सोनं उतरवलं आणि त्याच्याच भिंतींवर चर्च आणि मठ बांधला. खाली इंकांचे दगड आहेत, चुना-माती न वापरता एकमेकांत अचूक बसवलेले. वर स्पॅनिश बांधकाम. १९५० मध्ये मोठा भूकंप झाला तेव्हा वरच्या मठाचं बरंच नुकसान झालं, खालच्या भिंती मात्र उभ्या राहिल्या. जवळच्या एका गल्लीत बारा कोनांचा एकच दगड भिंतीत बसवलेला आहे. लोक त्याच्यासमोर फोटो काढायला रांग लावतात.

इंकांची केचुआ भाषा आजही लाखो लोक बोलतात. १९७५ मध्ये सरकारने तिला राजभाषेचा दर्जा दिला. आणि २४ जूनला सूर्याचा सण होतो, इंती रायमी. स्पॅनिश राजवटीत तो बंद पाडला होता. १९४४ पासून कुस्कोत तो पुन्हा थाटामाटात होतो.

आपलं उपवासाचं ताट

कुस्कोच्या बाजारात गेल्यावर आपल्याला परकं वाटणार नाही. बायका जमिनीवर ढीग मांडून बसलेल्या असतात आणि ढिगात असतो बटाटा. पण किती तऱ्हांचा! जांभळा, लाल, काळा, पिवळा, वाकडातिकडा, बोटासारखा लांब. पेरूच्या डोंगरात बटाट्याच्या तीन हजारांहून जास्त जाती आहेत. बटाट्याची पहिली शेती याच डोंगरांत झाली, हजारो वर्षांपूर्वी. तिथून स्पॅनिशांनी तो युरोपात नेला आणि मग तो जगभर, आपल्या चुलीपर्यंत आला.

आता एकादशीचं ताट डोळ्यांपुढे आणा. बटाटा, रताळं, शेंगदाणे, मिरची, राजगिरा. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कंदही. यातलं एकूणएक पीक मूळचं अमेरिका खंडांतलं आहे. आपल्या सगळ्यात सोवळ्या ताटात साता समुद्रापलीकडच्या शेतकऱ्यांची मेहनत आहे, हे कळल्यावर बैठकीत पाच मिनिटं कोणी बोललं नाही. मग एकजण म्हणाली, "म्हणजे हे लोक आधीपासूनच आपल्या घरात आहेत की."

वाळवणही आहे. कडाक्याच्या थंडीत रात्री बटाटे उघड्यावर पसरतात. ते गोठतात. दिवसा उन्हात मऊ पडले की पायांनी तुडवून पाणी काढतात. असं काही दिवस केलं की हलका, कडक वाळलेला बटाटा तयार होतो. त्याला चुन्यो म्हणतात. नीट ठेवला तर वर्षानुवर्षं टिकतो. दुष्काळाच्या सालासाठीची ही बेगमी.

शेतात एकमेकांकडे कामाला जायची त्यांची पद्धत आहे, आयनी. आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या शेतात, पैशाचा व्यवहार नाही. आपल्याकडे जिला सावड म्हणतात, तीच ही.

विणकरीण आणि किडा

कुस्कोहून तासाभराच्या अंतरावर चिंचेरो गाव आहे. इथल्या बायका कमरेच्या मागावर विणतात. ताण्याचं एक टोक खुंट्याला, दुसरं टोक पट्ट्याने स्वतःच्या कमरेला. बाई मागे रेलली की ताणा कसतो, पुढे झुकली की सैल होतो. तीच मागाचा अर्धा भाग असते. लोकर धुवायला एक मूळ किसून घालतात, त्याला आपल्या रिठ्यासारखा फेस येतो. लाल रंग येतो किड्यापासून. निवडुंगावर पांढऱ्या बुरशीसारखे दिसणारे बारीक किडे असतात. ते वाळवून कुटले की गडद लाल रंग निघतो, आणि त्यात लिंबू पिळलं की रंगाची छटा बदलते.

स्वस्त यंत्राच्या कापडापुढे ही कला मागे पडत चालली होती. चिंचेरोच्याच विणकर निल्दा कायान्याउपा आणि त्यांच्याबरोबरच्या बायकांनी १९९६ मध्ये कुस्कोत पारंपरिक विणकामाचं केंद्र काढलं. म्हाताऱ्या विणकरणींकडून जुनी नक्षी शिकून घ्यायची, मुलांना शिकवायची आणि माल थेट गिऱ्हाइकाला विकायचा. पर्यटक तिथे जाऊन विणकाम बघतो, मग वस्तू घेतो. बघितल्यावर घासाघीस करायला जीभ सहसा रेटत नाही.

माचू पिच्चू कोणी शोधलं?

पेरूला जाणारा प्रत्येकजण माचू पिच्चूला जातोच. पंधराव्या शतकात इंकांनी डोंगराच्या धारेवर बांधलेलं हे दगडी नगर आहे. ओयांताइताम्बो गावाहून आगगाडीने पायथ्याच्या गावी जायचं, तिथून बसने किंवा पायी वर. रोज किती माणसं सोडायची ते ठरलेलं असतं आणि तिकिटावर वेळ असते, म्हणून ते बरंच आधी काढून ठेवावं लागतं. १९८३ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

पुस्तकांत असतं, की १९११ मध्ये हायरम बिंगहॅम या अमेरिकी प्राध्यापकाने ते शोधलं. पण बिंगहॅम वर पोचले तेव्हा तिथे शेतकरी कुटुंबं राहत होती, इंकांच्याच बांधांवर पिकं घेत होती. वाटही स्थानिक शेतकऱ्याने दाखवली आणि भग्नावशेषांत एका लहान मुलाने फिरवलं. नाव झालं प्राध्यापकांचं. तिथून अमेरिकेतल्या येल विद्यापीठात नेलेल्या वस्तू परत यायला पेरूला शंभर वर्षं वाट पाहावी लागली. त्या २०११ पासून परत आल्या.

हे आम्ही मुद्दाम सांगतोय. जागा एकाची, राबणूक एकाची आणि नाव दुसऱ्याचं, असं होतं तेव्हा पैसाही सहसा नावामागेच जातो.

ताकिले बेट : पाळीने पाहुणे

आता ज्याच्यासाठी निघालो तिथे येऊ. पेरू आणि बोलिव्हियाच्या सीमेवर टिटिकाका नावाचं प्रचंड सरोवर आहे, ३८०० मीटरहून अधिक उंचीवर. काठावरच्या पुनो शहरातून होडीने साधारण तीन तासांवर ताकिले बेट आहे. धक्क्यावरून गावात जायला पाचशेहून जास्त दगडी पायऱ्या. बेटावर मोटारगाडी नाही.

इथे पुरुष विणतात! सुयांवर टोप्या विणायचं काम पुरुषांचं. मुलगा सात-आठ वर्षांचा झाला की शिकायला लागतो. टोपीच्या रंगावरून तो लग्नाचा आहे की अविवाहित, ते कळतं. मागावर पट्टे आणि चादरी विणायचं काम बायकांचं. लग्नाच्या वेळी बाई नवऱ्यासाठी रुंद पट्टा विणते. काही पट्ट्यांवर वर्षाचे बारा महिने आणि शेतीची कामं नक्षीत असतात. या विणकामाला युनेस्कोने २००५ मध्ये मानवजातीचा वारसा म्हणून गौरवलं.

स्पॅनिशांच्या काळापासून बेटाची जमीन मालकांच्या हातात गेली होती. १९३०नंतरच्या काळात बेटवासीयांनी पैसा साठवून ती हळूहळू विकत घेतली. म्हणजे जमीन स्वतःची असणं काय असतं, हे त्यांना ठाऊक होतं. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात परदेशी पाहुणे यायला लागले, तेव्हा त्यांनी गावसभा घेऊन नियम केले.

पाहुणा आला की तो ठरलेल्या पाळीने एखाद्या घरी जायचा. ज्याचं घर धक्क्याजवळ त्यालाच सगळे पाहुणे, असं नाही. विणलेला माल सामायिक दुकानात ठेवायचा. समिती काम बघून किंमत ठरवायची. प्रत्येक वस्तू करणाऱ्याच्या नावाने, विकली की पैसे त्याला, आणि थोडा भाग गावाच्या कामासाठी. रस्त्यावर पाहुण्याच्या मागे लागायचं नाही. सगळ्यात महत्त्वाचं, होड्याही त्यांच्याच. कुटुंबांनी एकत्र येऊन होड्या बांधल्या, मोटार बसवली. काही वर्षं बेटावर येणारा जवळजवळ प्रत्येक पाहुणा बेटवासीयांच्याच होडीतून यायचा.

मग काय झालं?

मैत्रिणींनो, इथे नीट ऐका. १९९०च्या दशकात सरकारचं धोरण बदललं. होड्यांवरचा बेटवासीयांचा खास हक्क गेला. पुनोतल्या प्रवासी कंपन्या वेगवान होड्या घेऊन उतरल्या. त्यांच्याकडे शहरात कार्यालय, इंग्रजी बोलणारी माणसं, हॉटेलांशी संधान. पाहुणा पुनोतच तिकीट काढायचा, सकाळी यायचा, दोन-तीन तास फिरून, जेवून, फोटो काढून दुपारी परत जायचा. बेटावर पाहुणे वाढले, मुक्काम कमी झाले. गर्दी बेटावर आणि पैशाचा मोठा वाटा शहरात.

आतल्या घरातही सगळं समान नव्हतं. ज्यांच्या होड्या, ज्यांच्या खाणावळी, त्यांना जास्त मिळालं. शिवाय स्पॅनिश येणारे बहुतेक पुरुष आणि बायका केचुआ बोलणाऱ्या. म्हणून पाहुण्याशी बोलणं आणि पैसे मोजणं पुरुषांकडे जास्त राहिलं. विणकाम मात्र दोघांचं.

बेटवासी गप्प बसले नाहीत. नंतर त्यांनी स्वतःची प्रवास संस्था काढली, जिच्याकडे पाहुणा थेट मुक्काम ठरवू शकतो. लढाई सोपी नाही, पण सुटलेली नाही. इंकांच्या काळापासूनची म्हणून सांगतात ती तीन वाक्यं तिथे आजही ऐकवली जातात: चोरी करू नको, खोटं बोलू नको, आळस करू नको.

म्हणून तुमच्या ओळखीचं कोणी पेरूला निघालं, एखादी शिकलेली भाची, परदेशातला पुतण्या, तर त्यांना एवढं सांगा. ताकिलेला एक रात्र मुक्कामाने जा. बेटवासीयांच्या होडीची चौकशी करा. वस्तू सामायिक दुकानातून किंवा विणणाऱ्या हातातून घ्या. फोटो काढण्याआधी विचारा. हेच आपल्या गडावर येणाऱ्यांनी केलं तर आपल्याला आवडेल ना?

आमच्या बैठकीत

हे सगळं आम्ही गटांपुढे मांडलं. कोणी म्हणालं नाही, की त्या गृहस्थांना हाकलून द्या. पाहुणे आणणारा माणूस हवाच असतो. पण बायकांनी चार प्रश्न फळ्यावर लिहिले. पाहुण्याचं नाव आणि फोन नंबर कोणाच्या वहीत राहणार? ताटाचा आणि मुक्कामाचा दर कोण ठरवणार? पाहुणे घरोघरी पाळीने जाणार का? आणि पैसे हातात घेऊन मोजणारी बाई असणार का?

ताकिलेच्या लोकांकडे जमीन होती, कला होती, नियम होते. तरी तिकीट दुसऱ्याच्या टेबलावर फाडलं जायला लागलं आणि कमाई तिकडे वळली. त्या गृहस्थांना गटाने निरोप दिला: पाहुणे जरूर आणा, तुमचं कमिशन ठरवून घ्या, पण नोंदवही गटाकडे राहील. त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही. तोवर एकीने वही विकत आणली आहे, रेघा मारून झाल्या आहेत, आणि पहिल्या पानावर पाळीची यादी लिहिली आहे. यादीत पहिलं घर गावाच्या सगळ्यात वरच्या टोकाचं आहे. तिथे आजवर एकही पाहुणा जेवलेला नाही.

तुमच्या गावात पाहुणे येत असतील, तर तुमची वही कोणाकडे आहे ते आम्हाला कळवा. पुढच्या भाषणात त्यावर बोलू.